आर: जिल्ह्यांची नावं रो नेम्स म्हणून लागत नाहीयेत, कॉलमच्या नावांचाही गोंधळ होतोय

आकडेवेडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी अर्थशास्त्रात एमए करतेय आणि डिझर्टेशनसाठी २०११ च्या जनगणनेचा जिल्हावार तक्ता घेऊन बसलेय, सगळ्या भारताचा, म्हणजे ६४० जिल्हे. काम आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत चाललंय. मोबाइलवरून लिहितेय म्हणून कोडपण देवनागरीतच टाकते, समजून घ्या.

मला हवंय असं की प्रत्येक ओळीला जिल्ह्याचं नाव लागलेलं असावं, म्हणजे तक्ता["पुणे", ] असं लिहिलं की पुण्याची ओळ समोर यावी. आरसोबत येणाऱ्या एमटीकार्स डेटात बघा, गाड्यांची नावं डावीकडे कशी लागलेली असतात, तसं. म्हणून फाइल वाचताना रीड.सीएसव्ही मध्ये रो.नेम्स = "जिल्हा" दिलं तर एरर येतो, डुप्लिकेट 'रो.नेम्स' आर नॉट अलाउड. आता एकाच देशाच्या यादीत जिल्हा दोनदा कसा येईल? मी एक्सेलमध्ये नुसता महाराष्ट्र फिल्टर करून बघितला तर ३५ च्या ३५ नावं वेगळी आहेत.

मग रो.नेम्स न देता वाचलं तर फाइल उघडते पण कॉलमची नावं बदलून येतात. २००१ आणि २०११ नावाचे साक्षरतेचे कॉलम होते ते एक्स२००१, एक्स२०११ झाले. "व्यक्ती", "पुरुष", "स्त्रिया" हे तीन कॉलम एकूण, ग्रामीण, नागरी असे तीनदा येतात, त्यांचं व्यक्ती, व्यक्ती.१, व्यक्ती.२ झालंय. आणि साफ केलेला तक्ता राइट.सीएसव्हीने सेव्ह करून परत उघडला की डावीकडे एक्स नावाचा नवाच कॉलम, पुन्हा सेव्ह करून उघडला की सगळ्यात डावीकडे एक्स.१ आणि त्याच्या बाजूला एक्स.

अजून एक. महाराष्ट्र वेगळा काढला (मह <- तक्ता[तक्ता$राज्य == "महाराष्ट्र", ]) तर ओळींना १ ते ३५ नंबर यायला पाहिजेत ना, तर ४९७ ते ५३१ दिसतात. मह[५२१, ] केलं तर सगळीकडे एनए (म्हणजे माहिती नाही), आणि मह["५२१", ] केलं तर बरोब्बर पुणे येतं. पुण्याचा जनगणनेतला कोडही ५२१ च आहे, म्हणजे आरला कोड कळला का? मैत्रीण म्हणाली चाललंय ना मग चालू दे, पण का चाललंय ते कळल्याशिवाय मला पुढे जायचं नाहीये कारण याच्यावर पुढे क्लस्टर ॲनालिसिस (एकमेकांसारख्या जिल्ह्यांचे गट पाडणं) करायचंय आणि मग दुसरा एक तक्ता जोडायचाय.

---

बेलापूरकर

का चाललंय ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही हे एकदम योग्य केलंत, कारण तुमचं ते ५२१ वालं योगायोगाने चाललंय. तिथूनच सुरू करतो.

डेटा फ्रेमला (आरमध्ये तक्त्याला असंच म्हणतात) रो नेम्स कायम असतातच, तुम्ही दिले नाहीत तर आर १, २, ३ असे स्वतःच लावतं. तुमची फाइल जनगणनेच्या कोडच्या क्रमाने आहे, कोड ००१ ते ६४० सलग आहेत, त्यामुळे ओळ क्रमांक आणि जिल्हा कोड एकच पडतात. नंदुरबार ४९७ व्या ओळीत, सांगली ५३१ व्या. महाराष्ट्र कापून काढला तेव्हा प्रत्येक ओळ आपलं जुनं लेबल घेऊन आली. आता चौकोनी कंसात नुसता आकडा लिहिला की त्याचा अर्थ "कितवी ओळ", ३५ ओळींच्या तक्त्यात ५२१ वी ओळ नाही म्हणून एनए. अवतरणात लिहिला की अर्थ "या लेबलची ओळ", ते लेबल पुण्याला आहे म्हणून पुणे. आरला जनगणनेचा कोड वगैरे काही माहीत नाही. उद्या फाइल राज्यांच्या अकारविल्हे क्रमाने लावून सेव्ह केली आणि परत वाचली की "५२१" वर भलताच जिल्हा येईल आणि एररही येणार नाही.

आणि हे लेबल टिकेलच असंही नाही बरं का. ऑर्डर वापरून तक्ता उलटासुलटा केला तर लेबल ओळीबरोबर फिरतं, पण मर्ज केलं (दोन तक्ते जोडले) की नव्याने १ पासून. बेस आरच्या सबसेटने ४९७ राहतं आणि तेच काम डीप्लायर पॅकेजच्या फिल्टरने केलं तर तुमच्यासारख्या आपोआप नंबर लागलेल्या तक्त्यात पुन्हा १ पासून मोजणी. म्हणून जिच्यावर पुढचं काम अवलंबून आहे ती ओळख रो नेम्समध्ये ठेवायचीच नाही, तिला स्वतःचा कॉलम द्यायचा. सबसेटनंतर ते ४९७ डोळ्याला खुपत असतील तर रोनेम्स(मह) <- नल करा, १ ते ३५ होतील.

आता डुप्लिकेटचं. महाराष्ट्रात नावं वेगळी आहेत पण भारतात नाहीत ना. औरंगाबाद २०११ ला महाराष्ट्रातही होता आणि बिहारमध्येही आहे. बिलासपूर हिमाचलमध्ये आणि छत्तीसगडमध्ये. हमीरपूर हिमाचल आणि उत्तर प्रदेश. प्रतापगढ राजस्थान आणि उत्तर प्रदेश. विजापूर कर्नाटकात, आणि छत्तीसगडमध्ये जो बिजापूर आहे त्याचं इंग्रजी स्पेलिंग तेच. आपला रायगड सुद्धा २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत छत्तीसगडच्या रायगढसारख्याच स्पेलिंगने आहे, म्हणजे इंग्रजी यादीवरून काम करत असाल तर तीही एक जोडी. डेटा फ्रेममध्ये रो नेम्स एकमेव असावेच लागतात आणि रिकामे चालत नाहीत, म्हणून तो एरर. कोणकोण दोनदा आलंय ते बघायला:

तक्ता[डुप्लिकेटेड(तक्ता$जिल्हा) | डुप्लिकेटेड(तक्ता$जिल्हा, फ्रॉमलास्ट = ट्रू), ]

नुसतं पहिलं डुप्लिकेटेड लिहिलं तर जोडीतला फक्त दुसरा दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंनी.

वर्गात दोन सचिन पाटील असले की हजेरी रोल नंबरने घेतात, इथे रोल नंबर म्हणजे जनगणनेचा कोड. तो कॉलम फाइलमध्ये असणारच, फक्त वाचताना कॉलक्लासेस = सी(कोड = "कॅरेक्टर") द्या, नाहीतर आर त्याला आकडा समजून ००१ चा १ करतं आणि मग दुसऱ्या फाइलमधल्या "००१" शी तो जुळत नाही. रो.नेम्स वगैरे काही देऊ नका.

मेक.युनिक वापरून "औरंगाबाद" आणि "औरंगाबाद.१" करा असं कोणीतरी सांगेल, एरर जाईलही, पण त्यातला बिहारचा कुठला आणि आपला कुठला हे फाइलमधल्या क्रमावर ठरणार. ते करू नका.

---

रानवाटा_सांगली

बेलापूरकरांच्या उत्तरात एक जोडतो कारण हाच एरर दुसऱ्या कारणानेही येतो आणि तेव्हा माणूस डुप्लिकेट शोधत बसतो. तुम्ही रो.नेम्स मागितलेच नाहीत तरी डुप्लिकेट रो.नेम्सचा एरर आला, तर फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचा स्वल्पविराम आहे का बघा. रीड.सीएसव्हीचा नियम असा आहे की हेडरमध्ये खालच्या ओळींपेक्षा एक नाव कमी असेल तर पहिला कॉलम आपोआप रो नेम्स होतो. शेवटच्या स्वल्पविरामाने खाली एक खाना वाढतो, हेडरमध्ये नाही, मग आर पहिला कॉलम म्हणजे राज्याचं नाव रो नेम्स म्हणून उचलतं, आणि राज्याचं नाव तर प्रत्येक जिल्ह्याला पुन्हा पुन्हा येणारच. तेव्हा रो.नेम्स = नल दिलं की फाइल उघडते खरी पण कॉलमची नावं एक घर सरकलेली असतात, राज्याच्या कॉलमला "रो.नेम्स" असं नाव येतं आणि जिल्ह्यांच्या कॉलमला "राज्य". हे सरकणं लक्षात आलं नाही तर पुरुषांचे आकडे व्यक्तींच्या नावाखाली बसून पूर्ण ॲनालिसिस होऊ शकतं. काउंट.फील्ड्स(फाइल, सेप = ",") ने प्रत्येक ओळीत किती खाने आहेत ते मोजून घ्या, सगळीकडे एकच आकडा आला पाहिजे.

आता कॉलमच्या नावांकडे. रीड.सीएसव्हीमध्ये चेक.नेम्स = ट्रू हे डीफॉल्ट आहे, ते आतून मेक.नेम्स चालवतं. नाव अक्षराने किंवा टिंबाने सुरू व्हायला हवं (आणि टिंबानंतर लगेच आकडा नको), त्यात अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोअर एवढंच चालतं. आकड्याने सुरू झालं की पुढे एक्स लागतो म्हणून एक्स२०११, स्पेस किंवा टक्क्याचं चिन्ह किंवा कंस असला की त्या प्रत्येकाच्या जागी टिंब. "साक्षरता दर (%)" सारख्या नावाच्या शेवटी टिंबांची रांग दिसते ती यामुळे. इफ, फॉर असले राखीव शब्द आले तर त्यांच्या शेवटी टिंब लागतं. जुन्या कोडमध्ये सगळीकडे टिंबवाली नावं का दिसतात त्याचंही कारण हेच आहे, आर १.९.० म्हणजे २००४ च्या आधी नावात अंडरस्कोअर चालतच नव्हता.

देवनागरी कॉलम नावं ठेवायची असतील तर एक सांभाळा, "अक्षर" कशाला म्हणायचं हे आर लोकेलवरून (मशीनच्या भाषेच्या सेटिंगवरून) ठरवतं, त्यामुळे एका मशीनवर नाव आहे तसं राहिलं म्हणून दुसऱ्यावर राहीलच असं धरू नका. चेक.नेम्स = फॉल्स द्या आणि नाव वापरताना बॅकटिकमध्ये टाका, तक्ता$`२०११`, तक्ता$`साक्षरता दर (%)`. नाहीतर वाचून झाल्यावर लगेच कॉलमना इंग्रजी लिपीत छोटी नावं द्या आणि मराठी मथळे फक्त शेवटच्या तक्त्यात आणि ग्राफवर लावा. जॅनिटर पॅकेजचं क्लीन_नेम्स इंग्रजी मथळ्यांसाठी फार उपयोगी आहे, स्पेस, कंस, मोठी अक्षरं सगळं काढून अंडरस्कोअरवाली नावं देतं.

पण व्यक्ती, व्यक्ती.१, व्यक्ती.२ यावर चेक.नेम्स = फॉल्स हा उपाय नाही, उलट त्रास वाढतो! कारण मग तीन कॉलमचं नाव "व्यक्ती" हेच राहतं. डेटा फ्रेमला रो नेम्स एकमेव लागतात पण कॉलमची नावं एकसारखी चालतात, आणि तक्ता$व्यक्ती म्हटलं की त्यातला पहिलाच मिळतो, बाकी दोन आहेत याची सूचनासुद्धा नाही. तुमच्या फाइलला खरं तर दोन ओळींचं हेडर आहे, वरच्या ओळीत एकूण / ग्रामीण / नागरी आणि खालच्या ओळीत व्यक्ती / पुरुष / स्त्रिया, आणि वरचं बहुतेक मर्ज केलेल्या सेलमध्ये असेल म्हणजे सीएसव्हीत पहिल्याच खान्यात नाव आणि पुढचे दोन रिकामे. तर हेडरच्या त्या दोन ओळी वेगळ्या वाचा (हेडर = फॉल्स, एनरोज = २), वरच्या ओळीतले रिकामे खाने आधीच्या नावाने भरा, मग पेस्ट(वर, खाली, सेप = "_"). एकूण_व्यक्ती, ग्रामीण_व्यक्ती, नागरी_व्यक्ती अशी नावं होतात. मग खरा डेटा स्किप = २, हेडर = फॉल्स करून वाचा आणि नेम्स(तक्ता) ला ही नावं द्या. राज्य, जिल्हा, कोड हे सुरुवातीचे कॉलम यात वेगळे धरावे लागतील, त्यांना वर काही नसतं.

आणि २००१, २०११ ही कॉलमची नावं नाहीतच खरं तर, ती माहिती आहे, "वर्ष" नावाच्या कॉलममध्ये जायला हवी. टायडीआर पॅकेजचं पिव्हट_लाँगर (कॉलम ओळींमध्ये उलगडणारं फंक्शन) वापरा, नेम्स_टू = "वर्ष", नेम्स_प्रिफिक्स = "एक्स", एक्स आपोआप निघून जातो. फक्त कॉलम निवडताना स्टार्ट्स_विथ("एक्स") लिहाल तर राइट.सीएसव्हीने आलेला तो मोकाट एक्स कॉलमही आत ओढला जाईल आणि त्याचं वर्ष रिकामं येईल. म्हणून आधी तो घालवा. तो का येतो, तर राइट.सीएसव्ही डीफॉल्टने रो नेम्सही लिहितं आणि त्या खान्याचं हेडर रिकामं ठेवतं, परत वाचताना रिकाम्या नावाचं एक्स होतं. पुढच्या वेळी पुन्हा रिकामं नाव येतं पण एक्स आधीच आहे म्हणून नव्याचं एक्स.१. राइट.सीएसव्ही(तक्ता, "फाइल.सीएसव्ही", रो.नेम्स = फॉल्स), कायम असंच लिहायची सवय लावा.

---

जनुकवाला

वरच्या दोघांचं वाचून कोणाला वाटेल रो नेम्स ही टाकाऊच गोष्ट आहे, तर तसं नाही, माझं रोजचं काम रो नेम्सवरच चालतं. जीन एक्स्प्रेशनचा डेटा म्हणजे हजारो जीन्स ओळींमध्ये आणि सॅम्पल कॉलममध्ये, सगळे आकडे, तो मॅट्रिक्समध्ये ठेवतात आणि तिथे जीनचा आयडी रो नेम, सॅम्पलचा आयडी कॉलम नेम. त्यात आयडीचा वेगळा कॉलम घुसवता येत नाही कारण मॅट्रिक्समध्ये सगळं एकाच प्रकारचं असावं लागतं, एक जरी अक्षरांचा कॉलम आला तरी ॲज.मॅट्रिक्स सगळ्या आकड्यांचं टेक्स्ट करून टाकतं. डीईसेक२ सारखं पॅकेज तर काउंट मॅट्रिक्सची कॉलम नावं आणि सॅम्पलच्या माहितीच्या तक्त्याची रो नेम्स ताडून बघतं, नावं तीच पण क्रम वेगळा असेल तर एरर देऊन थांबतं. मला ते फार आवडतं, कारण न थांबता कंट्रोल आणि ट्रीटमेंटची अदलाबदल झाली तर निकाल उलटा येईल आणि कोणाला कळणारही नाही.

तुला क्लस्टर ॲनालिसिस करायचंय म्हणालीस, तिथे तुला रो नेम्स लागणारच. ओळींमधली अंतरं काढणारं डिस्ट फंक्शन रो नेम्स उचलतं, तेच पुढे एचक्लस्टच्या (त्या अंतरांवरून गट पाडणारं फंक्शन) झाडावर खाली लेबल म्हणून येतात. रो नेम्स नसतील तर झाडाखाली नुसते आकडे दिसतील आणि कुठला जिल्हा कुणाच्या जवळ गेला ते वाचता येणार नाही. पीकॉम्प करून बायप्लॉट काढलास तरी तेच, हीटमॅपचंही तेच. म्हणून सगळी साफसफाई कोड कॉलमवर कर आणि अगदी शेवटी, डिस्टच्या आधी, आकड्यांचेच कॉलम घेऊन मॅट्रिक्स बनव:

म <- ॲज.मॅट्रिक्स(मह[, सी("साक्षरता", "नागरी_टक्के", "कामगार_टक्के")])
रोनेम्स(म) <- मह$जिल्हा
झाड <- एचक्लस्ट(डिस्ट(स्केल(म)))
प्लॉट(झाड)

महाराष्ट्रापुरतं असल्याने इथे नावं एकमेव आहेत, सगळ्या भारतासाठी पेस्ट(जिल्हा, राज्य) कर. एक लक्षात ठेव, मॅट्रिक्समध्ये रो नेम्स दोनदा आले तरी चालतात, एरर येत नाही, नावाने मागितलं की पहिली ओळ मिळते. त्यामुळे मॅट्रिक्स बनवण्याआधी स्टॉपइफनॉट(!एनीडुप्लिकेटेड(मह$जिल्हा)) ही ओळ टाक.

अजून एक फरक आहे तो फार थोड्या लोकांना माहीत असतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. डेटा फ्रेममध्ये नावाने ओळ मागितली तर आर अर्धवट नावही जुळवतं. आधी तंतोतंत जुळणारं शोधतं, ते नसेल तर त्या अक्षरांनी सुरू होणारं एकच नाव असलं तर तेच देऊन मोकळं होतं, वॉर्निंगसुद्धा नाही. महाराष्ट्रात मुंबई आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे आहेत. महच्या रो नेम्समध्ये जिल्ह्यांची नावं लावली, तर दोन्ही तक्त्यात आहेत तोवर मह["मुंबई", ] बरोबर येतं. पण समजा कुठल्या कारणाने मुंबई शहराची ओळ गळली, म्हणजे दुसऱ्या सर्व्हेत त्या जिल्ह्याचा आकडाच नाही म्हणून एनए.ओमिटने उडाली, तर आता मह["मुंबई", ] उपनगराची ओळ देईल. २०११ ला शहराची लोकसंख्या ३०.८५ लाख आणि उपनगराची ९३.५७ लाख, म्हणजे तिपटीहून जास्त, आणि स्क्रिप्ट काही बोलणार नाही!

आकड्यांच्या लेबललाही हेच लागू. नाशिक विभागात २०११ चे पाच जिल्हे, ४९७ नंदुरबार, ४९८ धुळे, ४९९ जळगाव, ५१६ नाशिक, ५२२ अहमदनगर. तेवढेच कापून घेतले आणि नाशिकविभाग["५२", ] लिहिलं तर ५२ ने सुरू होणारं एकच लेबल आहे, अहमदनगर येतो. ["४९", ] लिहिलं तर तीन जुळतात म्हणून एनए. मॅट्रिक्स मात्र असं काही करत नाही, नाव सापडलं नाही तर सरळ सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स. म्हणून डेटा फ्रेममध्ये ओळ काढायची तर मह[मह$जिल्हा == "मुंबई", ], किंवा रो नेम्सच वापरायचे असतील तर मह[मॅच("मुंबई", रोनेम्स(मह)), ]. डॉलरचंही तसंच आहे, मह$साक्ष लिहिलं आणि तसा सुरू होणारा एकच कॉलम असला की तो मिळतो, टिबल (डेटा फ्रेमचाच एक नवा प्रकार) असेल तर मात्र नल आणि वॉर्निंग.

टिबलचं निघालं म्हणून, ॲज_टिबल केलं की रो नेम्स गुपचूप जातात, तुला एमटीकार्सची नावं हवी असतील तर ॲज_टिबल(एमटीकार्स, रोनेम्स = "गाडी"). डेटा.टेबल पॅकेजच्या तक्त्यात रो नेम्स ही भानगडच नाही, बदलताना कीप.रोनेम्स = ट्रू दिलं की आरएन नावाचा कॉलम होतो.

---

आकडेवेडी

बापरे, मुंबईचं उदाहरण वाचून लगेच जाऊन करून बघितलं, खरंच उपनगर आलं. सगळ्यांचे खूप आभार, कोड कॉलम कॅरेक्टर म्हणून वाचला, हेडर पेस्ट करून घेतलं, एक्स गेला, झाडाखाली जिल्ह्यांची नावं पण आली.

आता दुसरा तक्ता. गेल्या वर्षीचा जिल्हावार आकड्यांचा आहे, एका सहकाऱ्याने दिलाय, त्यात जिल्ह्यांची फक्त नावं आहेत, कोड नाही, आणि क्रम वेगळा आहे. त्याने सांगितलं दोन्ही जिल्ह्याच्या नावाने सॉर्ट कर आणि सीबाइंड कर. करू का?

---

बेलापूरकर

सीबाइंड अजिबात नको. सीबाइंड दोन डेटा फ्रेमच्या ओळी बाजूबाजूला चिकटवतं, पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी, रो नेम्स जुळतायत का हे बघतच नाही, रो नेम्स पहिल्या तक्त्याचे लावून मोकळं होतं. म्हणजे डावीकडे "पुणे" दिसेल आणि उजवीकडचा आकडा रत्नागिरीचा असू शकेल. सॉर्ट केल्यावर क्रम एक झाला तरच ते चालेल आणि तुमच्या दोन तक्त्यांत क्रम एक होणारच नाही, का ते खाली सांगतो. दोन डेटा फ्रेमची बेरीज वजाबाकी केली तरी आर जागेनेच करतं. पायथनच्या पँडासमधून आलेल्यांनी हे विशेष सांभाळायला हवं, तिथे इंडेक्स बघून आकडे जुळवले जातात आणि जोडी नसेल तिथे नॅन येतो, इथे तसं काही होत नाही. आरबाइंड मात्र डेटा फ्रेम असल्या तर कॉलमची नावं बघून जुळवतं आणि मॅट्रिक्स असल्या तर जागेनेच, हाही फरक डोक्यात असू दे.

तर मर्ज किंवा लेफ्ट_जॉइन, कॉलम सांगून. मर्ज(अ, ब, बाय = "रो.नेम्स") असंही करता येतं पण मग रो.नेम्स नावाचा टेक्स्ट कॉलम बनतो आणि ओळी टेक्स्टच्या क्रमाने लागतात, १ नंतर १०, मग १००. त्यापेक्षा कॉलमवरच करा, आणि जोडण्याच्या आधी दोन्ही बाजूंनी काय जुळत नाही ते छापून बघा:

सेटडिफ(जुना$जिल्हा, नवा$जिल्हा)
सेटडिफ(नवा$जिल्हा, जुना$जिल्हा)

---

आकडेवेडी

केलं. जुन्यात आहेत पण नव्यात नाहीत: अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद. नव्यात आहेत पण जुन्यात नाहीत: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, पालघर. म्हणजे नावं बदललेले तीन आणि पालघर नवा. सॉर्ट करून सीबाइंड केलं असतं तर ३५ आणि ३६ ओळी, निदान एरर तरी आला असता ना?

---

रानवाटा_सांगली

हो, ओळींची संख्या वेगळी आहे म्हणून एरर आला असता. पण मग पालघर नको म्हणून काढून टाकला असता तर ३५ ला ३५ झाले असते आणि एररही गेला असता. अहिल्यानगर आणि अहमदनगर दोन्ही यादीत वरच राहतात, पण औरंगाबाद वरच्या बाजूला आणि छत्रपती संभाजीनगर त्याच्या बराच खाली, उस्मानाबाद सुरुवातीला आणि धाराशिव मधेच. म्हणजे मधल्या कितीतरी जिल्ह्यांचे आकडे एक किंवा दोन घर सरकून शेजाऱ्याच्या नावावर लागले असते.

आता करायचं असं. एक छोटा तक्ता हाताने बनवा, दोनच कॉलम, आजचं नाव आणि २०११ चा कोड: छत्रपती संभाजीनगर ५१५, धाराशिव ५२५, अहिल्यानगर ५२२, बाकीचे आहेत तसे. ही फाइल डेटाबरोबरच ठेवा, गाइडलाही दाखवा. नव्या तक्त्याला आधी हा तक्ता जोडून कोड आणायचा आणि मग कोडवर जुन्याशी जोडायचा. स्क्रिप्टमध्ये नावं थेट बदलण्यापेक्षा हे बरं, कारण नेम्स किंवा रोनेम्समध्ये [नावं == "जुनं"] <- "नवं" अशी ओळ लिहिली आणि स्पेलिंगमध्ये एका वेलांटीचा फरक पडला तर काहीच बदलत नाही आणि आर काही सांगतही नाही. कॉलमची नावं बदलायला डीप्लायरचं रिनेम वापरलं तर निदान जुनं नाव सापडलं नाही म्हणून थांबतं. जोडून झाल्यावर ओळी मोजा, आणि कोड एनए राहिलेला कोणी नाही ना ते बघा.

आणि देवनागरीत नावं असतील तर ती जुळताना अजून एक अडचण येऊ शकते, दोन फाइलींमध्ये तेच अक्षर वेगळ्या प्रकारे साठवलेलं असतं. नुक्ता असलेली अक्षरं एका कोडने किंवा दोन कोड जोडून लिहिता येतात, शिवाय मागे अदृश्य स्पेस चिकटलेली असते. डोळ्याला दोन्ही सारखं दिसतं पण सेटडिफमध्ये दोन्ही बाजूंना तेच नाव येतं. तसं दिसलं तर स्ट्रिंगआय पॅकेजचं स्ट्राय_ट्रान्स_एनएफसी दोन्ही कॉलमवर चालवा आणि ट्रिमडब्ल्यूएस करा.

---

बेलापूरकर

रानवाटांनी सांगितलं ते करा, फक्त ठाण्याकडे वेगळं बघा. सेटडिफमध्ये ठाणे आलं नाही कारण नाव दोन्हीकडे तेच आहे, पण जिल्हा तोच नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातूनच वेगळा झाला. २०११ च्या तक्त्यातल्या ठाण्यात, कोड ५१७, लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार, त्यात आजचा पालघर धरलेला आहे, डहाणू, जव्हार, मोखाडा, वसई सगळं. नव्या तक्त्यातलं ठाणे त्याच्या मानाने खूप लहान. नावावर जोडलं तर जुळेल, कोडवर जोडलं तरी जुळेल आणि एवढ्या वर्षांत ठाणे आक्रसलं असा निकाल निघेल.

तुमच्या त्या छोट्या तक्त्यात पालघरलाही ५१७ हाच कोड द्या, आणि जोडण्याच्या आधी नव्या तक्त्याचे आकडे कोडवर ग्रुप_बाय करून बेरीज करा. लोकसंख्या, शाळांची संख्या असल्या मोजलेल्या आकड्यांची बेरीज चालेल. साक्षरता दरासारख्या टक्क्यांची बेरीज नको आणि साधी सरासरीही नको, अंश आणि छेद वेगवेगळे बेरीज करून मग भागायचं. सहकाऱ्याच्या फाइलमध्ये नुसतेच टक्के असतील तर त्याच्याकडून मूळ संख्या मागून घ्या.

---

आकडेवेडी

नुसतेच टक्के आहेत. आत्ताच त्याला मेसेज टाकला, मूळ संख्यांची फाइल त्याच्याकडे आहे, उद्या देतोय.